सेन्सर निर्दोष आहे

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा काडीइतकाही संबंध नाही अशा चौकस मंडळींना तर विशेषकरून, अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, उमरगा मुक्कामी ऐन लग्नसराईतल्या एका सकाळी एक पांढरी डिझेल गाडी नवा सेन्सर बसवूनही, किंवा बसवल्यामुळंच, चालू झाली नाही. तिच्या मालकांनी या प्रकाराची जागच्या जागी, भर गल्लीत, शास्त्रशुद्ध चौकशी केली. आणि त्या चौकशीत डिझेल, बॅटरी, शेजारच्या कोंबड्या आणि प्रस्तुत लेखक हे सगळे एकापाठोपाठ निर्दोष सुटले. निकाल काय लागला ते मी सांगणारच आहे. पण आधी चौकशी अधिकाऱ्याची ओळख करून देतो. तसा माणूस मला पुन्हा भेटला नाही, आणि एकाच गल्लीत दोन असते तर गल्लीला ते झेपलेही नसते.

ते माझे घरमालक. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, म्हणून सगळी गल्ली त्यांना ‘सर’ म्हणायची. मी त्या वेळी एका कंपनीचं बियाणं विकत तालुकाभर फिरायचो आणि त्यांच्या वरच्या दोन खोल्यांत राहायचो. 

शाळेत आपण सगळ्यांनीच प्रयोगवही लिहिलेली असते. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. बहुतेकांची ती दहावीनंतर सुटते. सरांची सुटली नव्हती. ते तसंच बोलत, तसंच जेवत, आणि माझा संशय आहे की झोपतही तसंच असावेत.

खोली बघायला गेलो तेव्हा ते ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. मान वर न करता म्हणाले, “उद्देश?”

“खोली हवी होती, सर.”

“साहित्य?”

“एक गादी, एक बॅग, एक शेगडी.”

“कृती?”

“सकाळी कामाला जाईन, संध्याकाळी येईन, झोपेन.”

“निरीक्षण मी करीन,” असं म्हणून त्यांनी किल्ली दिली. अनुमान त्यांनी राखून ठेवलं. मी खोली सोडली त्या दिवशीही ते राखीवच होतं.

एकदा मी सहज विचारलं, “सर, तुमचं लग्न कसं झालं?” तर बोटांवर मोजत म्हणाले, “उद्देश, वडिलांची इच्छा. साहित्य, एक वर, एक वधू आणि मुरूम गावचा बँड. कृती पार पडली. निरीक्षण चालू आहे.”

आतून काकूंचा आवाज आला, “अन् अनुमान?”

“अजून पुरेसा पुरावा नाही.”

काकू बाहेर आल्या, माझ्या हातात चहा दिला, आणि सरांचा कप तसाच आत परत घेऊन गेल्या. पुरेसा पुरावा मिळेपर्यंत सरांना त्या दिवशी चहा मिळाला नाही.

पुरावा हा त्यांचा आवडता शब्द. दूध उतू गेलं म्हटलं तरी पुरावा, पाहुणे आले म्हटलं तरी पुरावा. काकू कुकरच्या शिट्ट्यांवर डाळ शिजवायच्या ते त्यांना कधीच पटलं नाही. “शिट्टी हा आवाज आहे. आवाजावरून डाळ शिजली असं कोण म्हणतं?” म्हणून एकदा शिजली की नाही ते प्रत्यक्ष बघायला त्यांनी वाफ जिरायच्या आधीच झाकण उघडलं. डाळ छतापर्यंत गेली. सुदैवानं सर मागं सरकले होते. तो पिवळा डाग त्यांनी पुढं कधी पुसू दिला नाही. कुणी वर बघितलं की सांगायचे, “शिजली होती.”

देवाधर्माचं त्यांना वावडं होतं असं नाही. काकूंचा देव्हारा स्वयंपाकघरात होता आणि तिथं सर लक्ष घालत नसत. पण यंत्राला हळदकुंकू लावलेलं दिसलं की त्यांचं डोकं फिरायचं. मी नवी मोटारसायकल घेतली तेव्हा शोरूमवाल्यानं पुढं लिंबू-मिरची बांधून दिली होती. सरांनी ती सोडली, लिंबू चिरलं, साखर-मीठ घालून सरबत केलं, आणि मला अंगणात उभं करून पाजलं. “लिंबाचा उपयोग समजला?” म्हणाले. मिरच्या काकूंनी फोडणीला घातल्या. 

सरांची स्वतःची गाडी नळदुर्गच्या एका गुत्तेदाराकडून, म्हणजे कंत्राटदाराकडून, आलेली होती. त्या गृहस्थानं मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत ‘आईचा आशीर्वाद’ चिकटवलेलं होतं. सरांनी ब्लेडनं ते खरवडून काढलं, पण डिंक राहिला. गाडीवर धूळ बसली की आशीर्वाद परत उमटायचा. सर पुसायचे, तो उमटायचा. खंडेनवमीला सगळी गल्ली आपापल्या गाड्यांना झेंडूचे हार घालायची, तेव्हा सर त्यांची गाडी फाटकाच्या आत घेऊन वर कुलूप लावायचे. काकू विळीला, शिलाई मशीनला हळदकुंकू वाहायच्या आणि गाडीला लांबूनच हात जोडायच्या.

या सगळ्याची खरी किंमत काकूंनी मोजली होती ती कळंबला. काकूंचा धाकटा भाऊ तिथल्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत दुकान चालवतो. दुकानाच्या उद्घाटनाला सर गेले. भटजी नारळ फोडणार, एवढ्यात सर पुढं झाले आणि जमलेल्या हमाल, व्यापारी, नातेवाईक यांच्यासमोर म्हणाले, “नारळ फोडल्यानं धंदा चालतो हे ठरवायचं असेल तर शेजारी दुसरं दुकान पाहिजे. माल तोच, भाव तोच, फक्त नारळ नाही. वर्षभर दोन्हींचं निरीक्षण करायचं. त्याशिवाय अनुमान काढता येत नाही.”

मेहुणा म्हणाला, “दाजी, दुसरं दुकान तुम्ही काढून देताय का?”

“मी पद्धत सांगतोय,” सर म्हणाले, आणि भटजींच्या हातातला नारळ काढून घेतला. 

मेहुण्यानं त्या दिवशी हात जोडून सांगितलं, “दाजी, आजपासनं माझ्या दारात येऊ नका.” दाजी गेले नाहीत, म्हणून त्याची अक्का, म्हणजे काकूही, गेल्या नाहीत. पुढं कित्येक वर्षं सणावाराला भावाचा फोन यायचा, काकू तो घेऊन अंगणात तुळशीपाशी जायच्या आणि बोलून झालं की उगाचच कुंडीतली माती उकरत बसायच्या. काकूंनी या विषयावर सरांना कधी एक शब्द ऐकवला नाही. सरांनीही काढला नाही. त्या एका बाबतीत त्यांनी पुरावा मागितल्याचं मला आठवत नाही.

आणि मग एका दुपारी फोन आला. मी खालीच बसलो होतो. मेहुण्याचा आवाज एवढा मोठा की फोन कानाला लावायची गरजच नव्हती.

“अक्का, घर बांधलंय. वास्तुशांत हाय. कलश तू भरून आणायचा अन् तूच आत न्यायचा. तू आल्याशिवाय मी उंबरा ओलांडत न्हाय.”

पहिला कलश बहिणीनं आपल्या घरून भरून आणायचा ही त्यांच्या घराण्याची रीत. पलीकडून परत आवाज आला, “अन् दाजींना घेऊन ये. झालं गेलं जाऊ दे.”

काकूंनी फोन सरांपुढं धरला. सरांनी घसा साफ केला. “आम्ही आमच्या गाडीनं येतो.”

“त्याच गाडीनं?”

“त्याच.”

“मग आदल्या दिवशीच निघा, दाजी.”

मेहुण्याचा टोमणा अगदीच बिनबुडाचा नव्हता. गाडीला त्या दिवसांत एक खोड लागली होती. तापली की हायवेवर मधेच गप्प व्हायची, आणि जरा थंड झाली की काही घडलंच नाही अशी चालू व्हायची. बायपासवर एक गॅरेज होतं. त्याच्या मालकाला सगळे ‘उस्ताद’ म्हणायचे, आणि कुणी म्हणायचं विसरलं तर ते स्वतः आठवण करून द्यायचे. उस्तादांनी बॉनेटला नुसता हात लावून सांगितलं, “क्रँक सेन्सर गया.”

इंजिन फिरतंय की नाही हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा हा अंगठ्याएवढा सेन्सर. त्यानं कळवलं नाही, तर इंजिन कितीही फिरलं तरी कॉम्प्युटर डिझेल सोडत नाही. एवढंच. पण सरांनी ते उस्तादांकडून इतक्या वेळा वदवून घेतलं की शेवटी उस्ताद म्हणाले, “सर, मैं गाडी मुफत में बनाके देता, पर सवाल नक्को पूछो.”

सरांनी गाडी परत आणली. सेन्सर सोलापूरहून मागवला आणि स्वतःच बसवायचं ठरवलं. तो आला नेमका वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी. 

त्या संध्याकाळी सर जिना चढून माझ्या खोलीत आले. असं ते कधी करत नसत. खिडकीतून बाहेर बघत उभे राहिले. मग एकदम म्हणाले, “तुमची मोटारसायकल कधी बंद पडली का हो?”

“नाही, सर.”

“तिला सुरुवातीला काही दिवस लिंबू होतं.”

“लिंबू तुम्ही मला पाजलंत, सर.”

“हं,” म्हणाले. “म्हणजे ते तुमच्यात गेलं.” आणि उतरून गेले. मी बराच वेळ स्वतःच्या पोटाकडं बघत बसलो.

सकाळी उजाडायच्या सुमाराला गाडीखाली सतरंजी पसरून सरांनी सेन्सर बसवला. मीही बरोबर जाणार होतो, साक्षीदार म्हणून. कशाचा ते ठरलेलं नव्हतं. काकू इरकली नेसून, तांब्याचा कलश आणि वर नारळ असा सरंजाम मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसल्या. “कलश घेऊन बसले, आता कळंब आल्याबिगर उतरायची न्हाय,” असं त्यांनी जाहीर केलं. सरांनी किल्ली फिरवली.

घर्रर्र, घर्रर्र, घर्रर्र. 

इंजिन फिरत होतं, पण पेट घेत नव्हतं. परत किल्ली. परत घर्रर्र. सर शांतपणे खाली उतरले, बाह्या सरसावल्या, आणि गल्लीला उद्देशून म्हणाले, “उद्देश, गाडी चालू करणे.”

पहिला संशय डिझेलवर. काटा अर्धी टाकी दाखवत होता, पण काट्याचं म्हणणं म्हणजे ऐकीव माहिती. सरांनी टाकीत एक बारीक नळी सोडली, ओली झालेली बाहेर काढली, वास घेतला, मला घ्यायला लावला, आणि शेजारच्या मावशी कोंबड्यांना दाणे टाकत होत्या, त्यांच्याही नाकाशी नेली.

“कशाचा वास येतो?”

“रॉकेलचा,” मावशी म्हणाल्या.

“डिझेलचा.”

“ठाव हाय तर इचारता कशाला?”

डिझेल निर्दोष. मग बॅटरी. सरांनी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. समोरच्या घरी लग्नाला आलेलं वऱ्हाड दात घासत बाहेर आलं. बॅटरी निर्दोष. मग नळीतली हवा. डिझेलच्या नळीत हवा शिरली की गाडी हटून बसते. ती काढायला तिथं एक रबरी फुगा असतो, तो दाबत राहायचं. हे काम साक्षीदाराकडं आलं.

“निरीक्षण सांगा,” सर म्हणाले.

“अंगठा दुखतोय.”

“ते तुमचं झालं. फुग्याचं सांगा.”

“घट्ट लागतोय.”

“म्हणजे हवा नाही. सोडा.”

यानंतर कोंबड्यांची पाळी आली. त्या गाडीखाली बसतात, त्यांनी वायरी टोचल्या असणार. मावशींनी पदर खोचला. “माझ्या कोंबड्यांचं नाव काढायचं न्हाय, सांगून ठेवते. वायर खाल्ली असती तर मेल्या असत्या की!” हा पुरावा सरांना मान्य करावा लागला. मग मी. काल मी गाडीला टेकून फोनवर बोलत होतो. गाडी तेव्हा उभीच होती, आणि मी टेकल्यानं ती हलली नव्हती, म्हणून मी सुटलो.

गंमत म्हणजे सर सेन्सरकडं येतच नव्हते. मी म्हटलं, “सर, कालपर्यंत चालत होती. बदललाय फक्त सेन्सर.”

“तो मी बसवलाय,” सर म्हणाले, आणि नळावर जाऊन परत हात धुऊन आले. ते सकाळपासून हातच धूत होते.

पण पद्धत म्हणजे पद्धत. त्यांनी स्वतःच तुलनेचा प्रयोग काढला. नवा सेन्सर काढून जुना बसवायचा. मला गाडीपाशी येऊ दिलं नाही. सतरंजीवर फक्त त्यांचे पाय दिसत होते. जुना बसला, किल्ली फिरली. घर्रर्र. परत काही नाही. सर गाडीखालून बाहेर आले ते उजळलेल्या चेहऱ्यानं.

“ज्या जुन्या सेन्सरवर काल गाडी चालत होती, त्याच्यावर आज चालत नाही. नव्यावरही चालत नाही. म्हणजे दोष दुसरीकडं आहे.” आणि गल्लीकडं वळून त्यांनी निकाल दिला, “सेन्सर निर्दोष आहे.”

समोरच्या वऱ्हाडातल्या एकानं टाळ्या वाजवल्या. 

एवढ्यात काकूंचा फोन वाजला. मेहुणा. “अक्का, निघालात का?”

“गाडीत बसलेय मी.”

“कुठवर आलात?”

काकूंनी काचेतून बाहेर बघितलं. मावशींचं फाटक दिसत होतं. “हितंच हाय अजून,” म्हणाल्या. “आमच्याच दारात.”

पलीकडून मेहुणा म्हणाला, “भटजी आलेत. मी बाहेर मांडवात बसलोय. तू ये, मी काय आत जात न्हाय.”

काकूंनी फोन ठेवला. रडल्या नाहीत. नारळ एका बाजूला कलला होता तो नीट केला आणि म्हणाल्या, “मी एसटीनं जाते. तुम्ही तपासत बसा.”

एसटीनं म्हणजे लातूरला बदलायचं, लग्नाच्या गर्दीत, हातात भरलेला कलश. तालुक्यातल्या भाड्याच्या सगळ्या जीपगाड्या वऱ्हाडं घेऊन गेलेल्या. मी तोवर चारपाच ठिकाणी फोन लावून पाहिले होते. सर खिडकीपाशी गेले. आवाज इतका खाली की मला कान द्यावे लागले. “थोडं थांब. एवढं जाऊ दे. तुला पोचवतो मी.” सरांना विनवताना मी पहिल्यांदा ऐकलं. त्यात ना उद्देश होता ना साहित्य.

मी न विचारता उस्तादांना फोन केला.

उस्ताद आले ते मोटारसायकलवरून, गळ्यात स्कॅनर अडकवून, डॉक्टरच्या थाटात. आधी सरांवर तोंडसुख घेतलं. “मेरे कू देते तो क्या जाता था सर? अब बुलाए ना?” मग ड्रायव्हरच्या बाजूनं आत डोकावले, काकूंच्या मांडीवरचा कलश बघितला, आणि चपला बाहेर काढून आत बसले.

“चपला कशाला काढल्या?” सर खेकसले.

“भाभी कलश लेके बैठे ना, सर.”

स्कॅनर लावला. पडद्यावर अक्षरं आली. उस्तादांनी ती मोठ्यांदा वाचली, “क्रँक सेन्सर का सिग्नल नै आरा.”

“सेन्सर निर्दोष सुटलाय,” सर म्हणाले. “दोन सेन्सर लावून बघितले मी.”

दोन्ही सेन्सरवर हेच होतंय हे कळल्यावर उस्तादही गडबडले, पण गडबडलेले दिसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. स्कॅनरची वायर गुंडाळत म्हणाले, “फिर कॉम्प्युटर गया. गाडी सोलापूर लेके जाना पडता. मैं पहलेच बोला था.” हे ते पहिल्यांदाच बोलत होते. सर मात्र खूश झाले. दोघा तज्ज्ञांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, आणि गाडी जागच्या जागी होती.

“अहो,” काकू आतून म्हणाल्या, “ह्यो काटा हलत न्हाय बघा.”

“कोणता काटा?”

“इंजिनाच्या फेऱ्यांचा. येरवी तुम्ही किल्ली फिरवली की चालू व्हायच्या आधीच जरा थरथरायचा. आज मेल्यासारखा पडलाय. सकाळपासनं मी त्याच्याकडंच बघत बसलेय. दुसरं काय काम हाय मला?”

“तू कलश सांभाळ.”

पण उस्ताद चमकले. किल्ली फिरवून त्यांनीही काटा बघितला. “काटा हलता नै मतलब सिग्नल निकलताच नै. सेन्सर का प्लग देखे क्या?”

“तो मी तपासलाय,” सर घाईनं म्हणाले. “त्याला हात लावायची गरज नाही. अजिबात नाही.” आणि चक्क सतरंजीवर पाय रोवून उभे राहिले.

“बाजू हटो, सर.”

“गरज नाही म्हणतो ना!”

“अहो, हटा की!” काकू ओरडल्या. सर हटले. 

उस्ताद खाली शिरले. आतून खटखट झाली, मग एक हात बाहेर आला आणि त्या काळ्या बोटाच्या टोकावर काहीतरी लालसर, इवलंसं. मागून उस्तादांचं तोंड आलं.

“सर,” ते म्हणाले, “इसके मुँह में चावल कौन डाला?”

तांदळाचा दाणा होता. अख्खा, कुंकवात माखलेला. प्लगच्या आत खोल बसला होता, त्यामुळं प्लग वरून बसल्यासारखा वाटायचा पण पुरता आत जात नव्हता. मूळचा तो नव्या सेन्सरबरोबर आला, पण हळदकुंकवाच्या ओल्या गंधानं वायरीच्या प्लगलाच चिकटून राहिला. म्हणून जुना सेन्सर लावला तरी तोच तिथं आडवा. “हल्दी है, कुंकू है, अक्षता है,” उस्ताद एकेक सांगत होते. “पूरा देवघर है अंदर!” हे सांगताना त्यांनी हात उडवला, दाणा खाली पडला, आणि तो जमिनीला लागतो न लागतो तोच मावशींच्या तांबड्या कोंबडीनं तो टिपून गिळला.

उस्तादांनी प्लग पुसला, दाबला. टक्क असा आवाज आला. किल्ली फिरवली, काटा थरथरला, आणि गाडीनं अशी काही डरकाळी फोडली की समोरच्या वऱ्हाडानं नवरदेव निघाला असं समजून आरोळी ठोकली.

कळंबला आम्ही पोचलो, हे आत्ताच सांगून टाकतो. भटजी कंटाळले होते पण थांबले होते. मेहुणा खरोखरच मांडवात बसून होता. काकू कलश घेऊन पुढं, त्यांच्यामागं तो, आणि सगळ्यात मागं सर, दोन्ही हात पाठीमागं बांधून, नारळ फुटेपर्यंत एक अक्षर न बोलता. पण ते नंतरचं. माझ्या मनात राहिलंय ते आम्ही निघायच्या आधी, गाडी चालू असताना गल्लीत घडलं ते.

उस्तादांनी परत तेच विचारलं, “पर डाला कौन?”

मावशींना कोंबड्यांवरचा आळ अजून झोंबत होता. “कोण म्हंजे? काकूंशिवाय कोण करणार? सेन्सरची पूजा केली व्हय ओ तुम्ही? अन् हे सर माझ्या कोंबड्यांच्या मागं लागले!”

सगळी गल्ली काकूंकडं बघायला लागली. आणि का बघणार नाही? सरांनी यंत्राला कुंकू लावणं शक्यच नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. काकूंनी सरांकडं पाहिलं. सर स्वतःच्याच गाडीची नंबरप्लेट एकाग्रतेनं वाचत होते. पुरावा कोंबडीच्या पोटात गेला होता. सर नुसते गप्प राहिले असते तरी भागलं असतं.

काकू बघत राहिल्या. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग काकूंच्या ओठांच्या कडेला हसू हललं, आणि त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “व्हय. म्याच केली. नवी वस्तू होती, लावलं जरा हळदकुंकू. चुकलं माझं.”

“जाने दो भाभी,” उस्ताद म्हणाले. “अच्छे मन से किये.”

“तरीच!” मावशी म्हणाल्या. “काकूंचा हात लागला अन् गाडी बसली.”

सरांनी नंबरप्लेट सोडली. “हे विधान...” अशी पुस्तकी सुरुवात केली, ती त्यांना पुढं रेटेना. मग सास्तूर या त्यांच्या मूळ गावाकडच्या बोलीत, सगळ्या गल्लीला, वऱ्हाडाला आणि कोंबड्यांना ऐकू जाईल असे ते ओरडले, “ओ मावशी, गप बसा! पूजा म्या केली, म्या! तिनं केली असती तर गाडी पयल्या झटक्यात चालू झाली असती की!”